नाणं खरं, काळ खोटा

नाणं अस्सल आहे, हीच माझ्या तक्रारीतली मोठी अडचण होती.

लिलावातली वस्तू नकली निघाली तर अख्खी सोसायटी तुमच्या बाजूने उभी राहते. माझी शिवराई खरी. तांबं खरं, झीज खरी, एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’, तेही खरं. फक्त कॅटलॉगात ठळक अक्षरांत ‘शिवाजी महाराजांची शिवराई, रायगड, 1674’ असं छापलं होतं आणि कुरिअरच्या पाकिटातून निघाली दुदांडी. मधून दोन आडव्या रेघा गेलेली, उतरत्या पेशवाईतली. कॅटलॉगातला फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि त्यातही प्रकाश असा मारलेला की रेघा दिसू नयेत.

महाराजांनंतर शे-सव्वाशे वर्षं उलटली तरी त्यांच्याच नावाने पैसा पडत होता. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी बाजारात शिवराई चालूच राहिली. त्यामुळे नाव महाराजांचं म्हणजे टांकसाळही महाराजांची, असं होत नाही. आणि राज्याभिषेकाच्या काळातल्या एका शिवराईच्या भावात दुदांडी मूठभर येतात.

हे घरी समजावणं म्हणजे शिक्षा.

“पण जुनं आहे ना?” आईने विचारलं.

“आहे.”

“महाराजांचं नाव आहे ना?”

“आहे.”

“मग ठेव की देवात!”

आणि तिने ठेवलंही. मी आत बसून तक्रारीचा ईमेल लिहीपर्यंत नाण्यावर हळदकुंकू पडलं होतं. लिलाव कंपनीच्या अटींत, मुंगीच्या अक्षरांत, ‘वस्तू मूळ स्थितीत परत करावी’ असं होतं. नाणं घासूनपुसून लख्ख करणं संग्राहकांच्या जगात महापाप, त्यामुळे कुंकू काढायला मी हळूच फुंकर मारत बसलो होतो आणि आई दारातून विचारत होती, “दृष्ट काढतोयस का?”

सासऱ्यांचा फोन आला. “जावईबापू, कशाला भांडताय? अशी नाणी रिझर्व्ह बँक लाखाला घेते म्हणे.” रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये पत्रक काढून बजावलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही. मी ते शब्दशः वाचून दाखवलं. “उघड थोडंच कबूल करणार ते?” सासरे म्हणाले.

पुरावा म्हणून वजन हवं होतं. जांभळी नाक्यावरच्या सराफाकडे गेलो. त्याने नाणं काट्यावर ठेवायच्या आधीच विचारलं, “मोडायचंय?” नाही म्हटलं. “मग तारण?” तेही नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. काटा नऊ ग्रॅमच्या थोडा पुढे थांबला. राज्याभिषेकाच्या काळातली शिवराई सहसा अकराच्या पुढे भरते, हे मी त्याला उत्साहाने सांगितलं. त्याने मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

लिलाव कंपनीचं उत्तर आलं: ‘कॅटलॉगातील वर्णन हे आमच्या तज्ज्ञांचे मत असून ती हमी नव्हे. प्रत्येक लॉट आहे तसा विकला जातो.’ वा! बोलीच्या रकमेवर वेगळं प्रीमियम लावलं, त्यावर जीएसटी लावला. ते काय नुसतं मत ऐकवल्याबद्दल?

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांना गाठलं. त्यांना हे प्रकरण फारच आवडलं. “1930 चा मालविक्री कायदा, कलम 15. वर्णन करून विकलंस तर माल वर्णनासारखाच हवा. मत-बित नंतर.” मग चहा आल्यावर लिलावाचं कलम 64 निघालं. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. भाव चढवायला विकणाऱ्याने खोट्या बोल्या लावल्या तर सौदा रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला. लिलावाच्या या दोन्ही नियमांचा माझ्या नाण्याशी काडीचा संबंध नव्हता, पण काकांना थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

“आता 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा,” कप खाली ठेवत ते म्हणाले. “नाणं घेतलंस कशाला?”

“गुंतवणूक म्हणून,” मी सवयीने बोललो. माझ्या संसारात प्रत्येक नाणं गुंतवणूक म्हणूनच आलेलं आहे. भाव चढला की विकायचं, मुलीच्या शिक्षणाला लावायचं, अशी घरातली अधिकृत भूमिका.

काका दचकले. “हा शब्द पुन्हा काढू नकोस! पुढे विकायला घेणारा माणूस कायद्याने ग्राहकच नाही. लिही: ‘सदर नाणे मी केवळ छंद म्हणून घेतले असून ते विकण्याचा माझा इरादा कधीही नव्हता व नाही.’”

लिहिलं. घरच्या प्रिंटरची शाई संपलेली असल्यामुळे प्रिंट बायकोच्या ऑफिसातून काढावी लागली. संध्याकाळी तिने कागद माझ्या हातात दिला तेव्हा ते एक वाक्य पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं होतं.

“हे कंपनीला पाठवायचंय. रंगवलंस कशाला?”

“ही माझी प्रत आहे. तुझी वेगळी काढलीये.”

कलम 15 चा उल्लेख केल्यावर कंपनीचा सूर बदलला. ‘ग्राहकाशी असलेले संबंध लक्षात घेऊन’ त्यांनी नाणं परत घेतलं, थोड्या कुंकवासकट. बोलीची रक्कम परत आली. प्रीमियमबद्दल आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायकोने त्याची एफडी केली. मी म्हटलं, निदान विचारायचंस तरी.

“तुला कशाला विचारायचं?” ती म्हणाली. “तुझा छंद आहे ना?”