‘लॉग’ लिहिलं की प्रत्येक पॅकेट सापडतं? नाही सापडत

मालवण-तारकर्लीपासून हर्णैपर्यंत होमस्टेवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्याचा सारांश असा: "ओपनबीएसडीची पीएफ फायरवॉल बसवा, नियमात ‘लॉग’ लिहा. प्रत्येक पॅकेट नोंदलं जातं, पाहुण्यानं काय पाहिलं-लिहिलं तेही दिसतं, १८० दिवसांचा साठा आपोआप राहतो. चौकशी आली की फाइल पुढे करायची."

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, पीएफ ही तिच्यातली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळणारी चाळणी. पॅकेट म्हणजे त्या ये-जातला डेटाचा छोटा तुकडा. फायरवॉलची निवड उत्तम आहे. बाकीचं तपासू.

"प्रत्येक पॅकेट नोंदलं जातं." पीएफ प्रत्येक कनेक्शनची ‘स्टेट’, म्हणजे ते चालू असल्याची आठवण, ठेवते. परवानगीच्या नियमात नुसतं ‘लॉग’ असेल तर स्टेट उघडणारं पहिलं पॅकेट तेवढं नोंदलं जातं. पुढची हजारो पॅकेटं स्टेटवरूनच पार होतात, नियमापर्यंत येतच नाहीत. पाहुणा आला की नोंदवहीत एकदा नाव लिहितात. तो किनाऱ्यावर किती चकरा मारतो ते कुणी लिहीत नाही, तसंच हे. सगळी पॅकेटं हवीत तर ‘लॉग (ऑल)’ लिहावं लागतं.

‘ब्लॉक लॉग’चं उलटं आहे. तिथे स्टेट तयारच होत नाही, म्हणून अडवलेलं एकूण एक पॅकेट फाइलीत जातं. बाहेरून कुणी पोर्ट चाचपत बसला की लॉग त्याच्याच कचऱ्यानं भरतो आणि पाहुण्यांच्या नोंदी रोटेशनमध्ये, म्हणजे भरलेल्या फाइली फिरवून जुन्या पुसल्या जाताना, उडतात. बाहेरच्या बाजूचा ब्लॉक नियम लॉगशिवाय ठेवा, नाहीतर त्याचा लॉग पीएफलॉग१ या वेगळ्या लॉग-इंटरफेसवर वळवा आणि त्यासाठी दुसरा पीएफलॉगडी (लॉग फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) चालवा.

"काय पाहिलं-लिहिलं ते दिसतं." पीएफलॉगडी मुळात नोंदलेल्या प्रत्येक पॅकेटचे पहिले १६० बाइट साठवतो. त्यात हेडर मावतात: कुठून, कुठे, कोणता पोर्ट. मर्यादा वाढवली तरी एचटीटीपीएसमधला मजकूर कूटबद्धच राहतो. आणि सरासरी १० एमबीपीएस वाहतूक संपूर्ण साठवायची तर दिवसाला १०८ जीबी जागा लागेल. शिवाय पाहुण्यांचं खासगी बोलणं साठवायचंच कशाला?

"१८० दिवस आपोआप." हा आकडा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशातला आहे. सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या, सरकारी कार्यालयं यांनी तेवढे दिवस लॉग ठेवायचे, असं तो सांगतो. फायरवॉलला तो निर्देश कुणी वाचून दाखवलेला नाही. ओपनबीएसडीत न्यूसिसलॉग हा फाइली फिरवणारा प्रोग्राम दर तासाला लॉगची फाइल बघतो, २५० केबी ओलांडली की ती बाजूला काढतो आणि अशा जुन्या फाइली फक्त ३ ठेवतो. एक नोंद साधारण १७६ बाइटची धरली तर २५० केबीत दीड हजाराच्याच आसपास नोंदी बसतात. मे महिन्याच्या गर्दीत दर तासाला फाइल फिरली, तर संध्याकाळी सकाळचं काही उरणार नाही. जागेची अडचण मात्र नाही: दिवसाला ५०,००० कनेक्शनं धरली तरी ९ एमबी, म्हणजे १८० दिवसांना १.६ जीबीच्या आसपास. न्यूसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये आकार काढून रोज मध्यरात्री फाइल फिरवा, संख्या ३ ची १८० करा, आणि प्रत रोज दुसऱ्या मशीनवर न्या. पावसाळ्यात विजेच्या एका कडकडाटात राऊटर आणि डिस्क दोन्ही गेल्यावर १८० चा काय उपयोग?

"फाइल पुढे करायची." पीएफलॉग ही साधी मजकुराची फाइल नाही, पीकॅप (पॅकेटं जशीच्या तशी साठवणारा फाइलप्रकार) आहे, नोटपॅडमध्ये कचरा दिसतो. ती टीसीपीडंप या प्रोग्रामनं वाचावी लागते; फिरवलेली फाइल कॉम्प्रेस केलेली असते, ती आधी उलगडून. त्याहून मोठी अडचण वायफायची. खोल्यांमधले ऍक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) राऊटर मोडवर असतील तर एका पॉइंटवरचे सगळे पाहुणे फायरवॉलला एकाच आयपीचे दिसतात. ते ब्रिज मोडवर (नुसते पुढे ढकलणारे) टाका, लॉग लॅनकडून, म्हणजे आपल्याच नेटवर्ककडून, आत येणाऱ्या वाहतुकीच्या नियमावर लावा आणि डीएचसीपीच्या (कोणत्या उपकरणाला कधी कोणता आयपी दिला त्या) नोंदी तितकेच दिवस जपा. फोन आता नेटवर्कगणिक बनावट मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) देतात, त्यामुळे मॅकवरून माणूस ठरत नाही. खोलीनिहाय वायफाय पासवर्ड लागतो.

घड्याळही बघा. फायरवॉलसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक छोट्या बोर्डांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की एनटीपीनं (इंटरनेटवरून घड्याळ लावणाऱ्या सेवेनं) वेळ जुळेपर्यंतच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. चाचणी सोपी आहे. वीज काढून पुन्हा जोडा, आपल्या फोनवर एक साइट उघडा, मिनिट लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी फिरवलेल्या फाइलीतून ते कनेक्शन आणि डीएचसीपीतून तो फोन शोधून काढा.