४-५-६ नं काटकोन होत नाही, पाया आखायच्या आधी वाचा

खानापूरकडं मामांच्या घराचं काम सुरू होतंय. परवा रात्री त्यांचा फोन, "अरे, कोपरा काटकोनात यायला गवंडी दोन बाजू न् कर्ण ३-४-५ धरतो म्हणतोय, पण ग्रुपवर आलंय की ४-५-६ पण चालतं, सांगू काय त्याला तसं?" तेव्हा कुठं मी तो मेसेज नीट उघडून वाचला आणि डोकंच फिरलं. "३-६-९ चं वैदिक रहस्य, शाळेत शिकवत नाहीत" म्हणून आठवडाभर आमच्या सगळ्या ग्रुपांवर तो फिरतोय.

त्यात म्हटलंय की सलग तीन आकडे घेतले की काटकोन होतो. साफ खोटं. सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग हा बाकी दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका आला तरच काटकोन. ३-४-५ ला ९ आणि १६ मिळून २५ येतात, जमलं. ४-५-६ ला १६ आणि २५ मिळून ४१, आणि सहाचा वर्ग ३६, मग कुठं जमलं? कोपरा ९० अंशाचा न होता ८३ च्या आसपास येतो. सात अंशानं काय होतंय म्हणणाऱ्यांनी भिंतीवर हिशोब करून बघा, ३० फुटांची भिंत या कोपऱ्यावरनं काढली तर तिचं दुसरं टोक पावणेचार फूट आत येतंय! खोलीत कॉट बसणार नाही, फरशी प्रत्येक ओळीत कापावी लागेल, आणि कोण भरून देणार ते पैसे, मेसेज पाठवणारा? सलग आकड्यांत फक्त ३-४-५ जमतं, दुसरं एकही नाही.

मेसेजमधलं दुसरं, कुठल्याही तीन लांब्यांचा त्रिकोण होतोच म्हणे आणि ३-६-९ चा तर सगळ्यात शुभ. मामेबहीण यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला हाय, ती विचारतेय, "दादा, मग आमच्या पुस्तकात चूक हाय काय?" तिला खराट्याचे हीर घेऊन बसवलं. ३, ६ आणि ९ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापले, ९ चा खाली ठेवला आणि दोन टोकांना ३ चा न् ६ चा लावला, तर दोघं एकमेकांना भेटतात ते थेट त्या नवाच्या हिरावरच, आडवे पडून. वर उचलायला गेलं की सुटतात. नवाच्या जागी १० चा घेतला तर मध्ये १ सेंटिमीटरची फट राहिली, ८ चा घेतला तेव्हा लगेच त्रिकोण उभा राहिला. लहान दोन बाजूंची बेरीज मोठ्या बाजूपेक्षा जास्त पाहिजे, एवढं एकच तपासायचं.

आणि पूर्वजांचं नाव घेऊन हे सांगताय म्हणून जास्त राग येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या ग्रंथात, हेच आकडे आहेत हो! ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण कोणी धीट माणसानं सांगितला तर ते अक्षेत्र समजावं, म्हणजे अशी आकृतीच नाही, असं त्यांनी लिहिलंय. वर सरळ काड्या मांडून दाखवा म्हणूनही सांगितलंय. म्हणजे मी हिरांनी जे केलं ते त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

बाकी मुद्दे किरकोळ. ३-४-५ फक्त फुटात चालतं म्हणे. फूट घ्या, मीटर घ्या, नाहीतर वीत घ्या, तिन्ही बाजूंना माप एकच असलं की झालं. आणि पॉइंटमधला आकडा आला की काटकोन नाही हेही चूक, १० बाय १० च्या काटकोनी खोलीचा कर्ण साधारण १४ फूट पावणेदोन इंच येतो, मोजून बघा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, हे ज्ञान आपल्याकडं जुनं हाय. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांच्या प्राचीन ग्रंथात, कर्णाचा नियम आहे, आणि ३-४, १२-५, १५-८, ७-२४ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्यात. पण त्यात ४-५ ची जोडी नाही!

मामांना सांगितलं, गवंड्याचं ऐका, फक्त ३-४-५ च्या तिप्पट धरा, ९-१२-१५, माप मोठं घेतलं की टेपच्या थोड्याफार चुकीनं कोपरा तेवढा हलत नाही. काल सकाळी दोरी लावून मोजलं तर कर्ण १५ ला दोन इंच कमी भरला. गवंड्यानं खुंटी उपटून बाहेर सरकवली, परत मोजलं, १५ फूट बरोबर आल्यावरच चुना टाकला.