वेल्सचा न विझणारा बॉम्ब

एच. जी. वेल्सने अणुबॉम्बचं भाकीत केलं होतं, हे कुठल्या ना कुठल्या फॉरवर्डमध्ये सगळ्यांनीच वाचलंय. १९१४ ची त्याची कादंबरी ‘द वर्ल्ड सेट फ्री’. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने ती १९३२ मध्ये वाचली, पुढच्याच वर्षी लंडनच्या रस्त्यावर त्याला साखळी अभिक्रियेची (एक अणू फुटला की त्याने पुढचे फोडायचे) कल्पना सुचली, वगैरे. किस्सा खराच आहे. पण मूळ कादंबरी वाचायला घेतली आणि मी भलतीकडेच अडकलो.

बर्लिनवर विमान घिरट्या घालतंय. बॉम्बवाला पेटीतून दोन फुटी काळा गोळा दोन्ही हातांनी उचलतो, कडेला टेकवतो आणि वाकून त्याची सेल्युलॉइडची बारीक खुंटी चक्क दातांनी तोडतो. आत हवा शिरली की काम सुरू. मग गोळा हातानेच खाली. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखं!

हसू मावळतं ते पुढे. हा बॉम्ब एकदा फुटून संपतच नाही, फुटत राहतो. सतरा दिवसांनी जोर निम्मा, आणखी सतरा दिवसांनी त्याच्या निम्मा. जवळ जायची सोय नाही. हा हिशेब वेल्सने रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडीच्या रेडियमवरच्या पुस्तकातून उचलला, आणि कादंबरी त्या पुस्तकालाच अर्पण केली. हिरोशिमाच्या मापाने ही चूकच.

पण मला विचाराल तर या चुकीतच त्याला खरा धोका दिसला होता. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा, पण अणुभट्टीतली आग पुढे दहाएक दिवस धुमसत होती. वरून हेलिकॉप्टरने वाळू, शिसं, बोरॉन ओतणं चालू. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू अणुभट्ट्या तर भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. बंद म्हणजे काय, तर विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबलं. किरणोत्सारी मालाची उष्णता कुणाच्या बटणाला जुमानते? त्सुनामीने वीज घालवली, पाणी खेळवणारे पंप बसले, आणि तीन गाभे वितळले.

याच जातीची लेस्टर डेल रेची ‘नर्व्हज’ ही कथा. सप्टेंबर १९४२, म्हणजे शिकागोतली पहिली अणुभट्टी चालू व्हायच्याही आधीची. अणुकारखान्यात अपघात झालाय, पण नायक शास्त्रज्ञ नाही, कारखान्याचा डॉक्टर. अंगात किरणोत्सारी कण घुसलेले कामगार त्याच्या टेबलावर येत राहतात, आणि कारखान्यात अजून काय शिजतंय हे त्याला धड कळत नाही.