चर्चच्या खिडकीतली काच ओघळत नाही

युरोप सहलीचे फोटो ग्रुपवर पडले की मागोमाग एक मेसेज हमखास येतो : "जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड आणि वर पातळ असतात. कारण काच हा स्थायू नसून अतिशय संथ वाहणारा द्रव आहे. सात-आठशे वर्षांत ती ओघळून खाली साचली." पाठवणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या जुन्या आवृत्त्यांत जुन्या इमारतींच्या तावदानांबद्दल हेच छापलेले होते. पण एकेक दावा सोडवून पाहिला की हाताला फारसे काही लागत नाही.

"काचा खाली जाड असतात." काही असतात. काही वर जाड असतात, काही एका कडेला. त्याचे कारण भट्टीत आहे. मध्ययुगात सपाट काच करायच्या मुख्य रीती दोन. पहिलीत फुंकणीवर वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन लांबट फुगा फुंकायचा, दोन्ही टोके कापून नळकांडे करायचे, ते उभे चिरायचे आणि पुन्हा तापवून सपाट उलगडायचे. फुग्याची भिंत सगळीकडे सारखी कधीच उतरत नाही, त्यामुळे उलगडलेला पत्राही कमीजास्त जाडीचा. दुसरीत फुगा लोखंडी कांबीवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी गरगर फिरवायचा, म्हणजे तो उघडून थाळीसारखा पसरतो. मधोमध कांबीचा जाड डोळा राहतो आणि कडेकडे काच पातळ होत जाते. अशा थाळीतून कापलेल्या तावदानाची एक बाजू जाडच असणार. बसवणाऱ्याने ती खाली ठेवली तर काच खाली जाड, आडवी ठेवली तर बाजूला जाड. फोटो मात्र खाली जाड असलेल्या काचांचेच फिरतात.

"शेकडो वर्षांत ती खाली साचली." चर्चची खिडकी हे एक अखंड तावदान नसतेच, हे इथे विसरले जाते. इंग्लंडमधल्या यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चची पूर्वेची मोठी खिडकी घ्या. काचचित्रकार जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या काळात ती केली आणि तिच्यात ३११ चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीत रंगीत काचेचे लहानमोठे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा इंग्रजी 'एच'सारखा छेद असलेल्या शिशाच्या पट्टीच्या खाचेत बसवलेला. काच ओघळत असती तर प्रत्येक तुकडा खालच्या खाचेत फुगला असता आणि वरच्या खाचेतून निसटला असता. शिवाय चेहऱ्यांच्या रेघा काचेवर रंगवून भट्टीत भाजलेल्या असतात. खालची काच सरकली असती तर संतांची नाके हनुवटीपर्यंत आली असती. जर्मनीत आउग्सबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये संदेष्ट्यांची काचचित्रे सुमारे ९०० वर्षांची आहेत. त्यांचे डोळे जागच्या जागी आहेत.

"काच हा संथ वाहणारा द्रव आहे." काचेत स्फटिकरचना नाही, एवढेच यातले खरे. अणूंची मांडणी द्रवासारखी विस्कळीत, पण ते जागेवर जखडलेले. ती अस्फटिकी स्थायू आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधल्या मध्ययुगीन काचेच्या घटकांप्रमाणे काच तयार करून तिची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, काढली गेली. ती आधीच्या अंदाजापेक्षा एकावर १६ शून्ये इतक्या पटींनी कमी निघाली, म्हणजे निकाल मेसेजवाल्यांच्या बाजूला झुकलेला. तरीही खोलीच्या तापमानाला अशी काच एक अब्ज वर्षांत फार तर एक नॅनोमीटर सरकेल, असे उत्तर आले. या गतीने एक मिलिमीटर सरकायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सत्तर हजार पटींहून जास्त काळ लागेल.

"मग जुन्या खिडक्या पोट सुटल्यासारख्या का दिसतात?" हा प्रश्न चांगला आहे. दिसतात खऱ्या, पण त्यात सरकते ते शिसे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या हवेतही ते स्वतःच्या वजनाने हळूहळू ताणले जाते; उन्हातली खिडकी तापून-थंडावून त्यात भर घालते. काच आणि शिसे यांच्यातल्या फटीत भरलेली खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) सुकून गळते, चौकट आडव्या लोखंडी सळ्यांना बांधणाऱ्या तारा तुटतात, आणि वाऱ्याचा दाब घेत सगळी चौकट बाहेर फुगते. काचेचे तुकडे सपाटच असतात, फक्त त्यांच्यामधले कोन बदललेले असतात.

काचेचे खरे दुखणे निराळेच आहे. उत्तर युरोपात ती वाळू आणि लाकडाची राख मिसळून करत. बाराव्या शतकातला भिक्षू थिओफिलस बीच झाडाच्या राखेचे दोन भाग आणि वाळूचा एक भाग असे प्रमाण देतो. राखेमुळे तिच्यात पोटॅश आणि चुना भरपूर, वाळूचा अंश कमी. पावसाचे आणि दवाचे पाणी पोटॅश ओढून घेते, पृष्ठभागावर खड्डे पडतात, आणि हवेतल्या गंधकाच्या वायूने त्यांत जिप्समचे पांढरट थर साचतात. म्हणूनच जुन्या खिडकीच्या बाहेर आता दुसरी साधी काच बसवून मधे हवा खेळती ठेवतात.

दुरुस्तीला चौकट उतरवली की आधी तिच्यावर कागद ठेवून शिशाच्या रेघांचा छाप घेतात. मग शिसे उलगडतात, तुकडे साफ करतात आणि त्याच छापावर नव्या शिशात पुन्हा बसवतात. यॉर्कच्या खिडकीचे असे काम २००८ पासून २०१८ पर्यंत चालले.