जॅकवर गाडी, खुर्चीवर अप्पा

गाडीचं चाक बदलायला अंगात ताकद लागते, असा सार्वत्रिक समज आहे. ताकद काय, रिक्षावाल्याकडून उसनीही मिळते. नियमाप्रमाणे चाक बदलायचं असेल तर खरा लागतो तो निगरगट्टपणा. कारण चाक बदलण्याआधी दुसऱ्या चाकाला दगड लावत बसलेल्या माणसाकडे घोडबंदर रोडवरची माणसं, गुडघाभर पाण्यात कमरेला ट्यूब बांधून उतरलेल्या प्रौढ गृहस्थाकडे बघावं तशी बघतात.

आम्ही कासारवडवलीहून डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाकडे निघालो होतो. साडेचारचा प्रयोग. मागे माझे सासरे, म्हणजे अप्पा, तिकिटं खिशात आहेत ना हे दर सिग्नलला चाचपत. वाघबीळच्या अलीकडे एका खड्ड्यात पावसाचं पाणी साचून तो रस्त्यासारखाच दिसत होता. धाडकन आवाज झाला आणि डावं मागचं चाक बसलं. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर तो बिचारा हळूहळू हवा सोडत तुम्हाला पंक्चरच्या दुकानापर्यंत नेतो. इथे टायरची बाजूच फाटली होती. माझ्या मावसभावाच्या नव्या गाडीत स्टेपनीच नाही. टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर 2020 पासून नियमाने ते चालतं. पण ही फट पाहून त्या किटने हात जोडले असते.

मी लगेच थांबलो नाही. धोक्याचे दिवे लावून रखडत रखडत गाडी आतल्या एका सपाट गल्लीत नेली. ‘टायरची वाट लागेल’ असं तीन दिशांनी ऐकू आलं. टायरची वाट लागलेलीच होती. मागून येणाऱ्या कंटेनरने माझी लावू नये, एवढाच हेतू.

मग हँडब्रेक. पण हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना, आणि उचलायचं मागचंच एक चाक. म्हणजे गाडी वर गेली की अर्धा हँडब्रेक हवेत. म्हणून इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि तिरप्या कोपऱ्यातल्या, म्हणजे उजव्या पुढच्या चाकाला पुढूनमागून दगड लावायचे. त्या परिसरात दगडांना तोटा नाही.

“अप्पा, उतरता का जरा?”

“कशाला? गुडघा दुखतोय. माझं वजन ते काय? तुम्ही उचला, जावईबापू. आमच्या गावी बैलगाडीचं चाक बदललं तेव्हाही मी वरच बसलो होतो.”

जॅक वजनाला घाबरत नाही, हालचालीला घाबरतो. आत बसलेला माणूस तिकिटं चाचपायला नुसता एका कुशीवर कलला तरी गाडी जॅकवरून घसरू शकते. हे मी अप्पांना समजावलं, हिने समजावलं, रिक्षावाल्याने हिंदीत समजावलं. शेवटी समोरच्या सोसायटीच्या वॉचमनने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. खुर्ची दिसताच अप्पा उतरले आणि कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी विराजमान झाले.

तोवर हिने डिकी रिकामी करायला घेतली होती. चटई, कापडी पिशव्या, गेल्या दिवाळीचा कंदील आणि मग स्टेपनी. लाल त्रिकोण निघाला, तो हिने गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभा केला. ही परतते न परतते तोच एक स्कूटरवाला सद्गृहस्थ तो घेऊन आला. “मॅडम, तुमचं हे मागे पडलं होतं.” हिने आभार मानून त्रिकोण पुन्हा नेऊन ठेवला. थोड्या वेळाने एका शाळकरी मुलाने तो धावत आणून दिला. ठाणेकर चांगले आहेत हो, नाही म्हणवत नाही.

गाडी उचलण्याआधी नट सैल करायचे असतात. पूर्ण काढायचे नाहीत, अर्धा-पाऊण आटा. चाक जमिनीवर असतं तोवर ते फिरत नाही. हवेत गेलं की तुम्ही पाना ओढता, चाक तुमच्याबरोबर येतं आणि सगळी गाडी जॅकवर डुलायला लागते. सगळ्या गर्दीला मात्र गाडी आधी वर हवी होती. “साहेब, आधी जॅक मारा ना!” गाडी वर गेल्याशिवाय त्यांना काही घडल्यासारखंच वाटत नव्हतं.

नट हलेनात. लहान गाडीचा नट साधारण 100 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला 10 किलोचा भार. पण गाडीबरोबर येतो तो पाना जेमतेम वीतभर, म्हणजे टोकावर 40 किलो हवेत. शिवाय गॅरेजमधला पोरगा एअर गनने नट आवळतो तेव्हा तो पुन्हा कधी उघडायचा आहे, असा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. रिक्षावाला पान्यावर उभा राहून नाचायला तयार होता. पाना सटकला तर नडगी फुटते, म्हणून मी नको म्हटलं. उसाच्या गाड्यावरून लोखंडी पाइपचा तुकडा मिळाला. तो पान्यावर चढवून दांडा लांब केला, डावीकडे दाबला आणि कुईंऽऽ करून नट सुटला. टाळ्या पडल्या. अप्पांनीही वाजवल्या.

जॅक कुठेही लावून चालत नाही. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, दोन बारीक खाचा असतात. त्यांच्या मध्ये जॅकच्या डोक्यावरची खोबण बसली पाहिजे. खाली पेव्हर ब्लॉक डगमगत होते, म्हणून जॅकखाली फळी घातली. मग गुडघ्यावर बसून दांडी फिरवत राहायचं. जॅकची कात्री इतक्या सावकाश उघडते की एका काकांना आपल्या फियाटच्या आठवणी पहिल्या मालकापासून सांगायला वेळ मिळाला. चाक जमिनीवरून सुटलं तेव्हा गर्दी म्हणाली, बास. पण बसलेलं चाक काढायला पुरते तेवढी उंची हवा भरलेलं चाक बसवायला पुरत नाही. मी आणखी फिरवत राहिलो. काकांचा दुसरा मालक आला.

स्टेपनी मी दाराखालच्या पत्र्याखाली आडवी सरकवली. जॅक दगा देईल तर गाडी टायरवर टेकावी, कोणाच्या हातावर नव्हे. चाक निघालं की ते स्टेपनीच्या जागी, स्टेपनी चाकाच्या जागी.

“खाली कशाला ठेवलंय ते?” वॉचमन.

“गाडी पडली तर.”

“पडणार आहे?”

गर्दी दोन पावलं मागे सरकली. इतका वेळ जे साधत नव्हतं ते या एका वाक्याने साधलं. अप्पा मात्र खुर्चीसकट पुढे आले, नीट दिसावं म्हणून.

पुढचं भराभर झालं. नटांची निमुळती बाजू आत ठेवून ते हाताने बसवले, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, खालचं चाक बाहेर काढलं, गाडी टेकवली आणि मग पान्याने पुन्हा पक्के केले. फियाटवाल्या काकांनी स्टेपनीला लाथ मारून ‘हवा आहे’ असं प्रमाणपत्र दिलं. पंपावर मोजली तर 18 निघाली, हवी होती 33. नाटक आम्ही दुसऱ्या अंकापासून पाहिलं. अप्पांचं मत पडलं की पहिला अंक बाहेरच जास्त रंगला.

चाक बदलल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा तपासावेत, असं गाडीच्या पुस्तकात आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी पाना घेऊन उकिडवा बसलो. सेक्रेटरी फिरून येत होते. थांबले, वाकले, चाकाकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

“अहो, काल अप्पा सांगत होते लिफ्टमध्ये,” ते म्हणाले. “गाडी पडली म्हणे तुमची?”