सेंट अँड्र्यूजचे मैदान नगराचे, क्लबचे नव्हे

खारघरमध्ये सिडकोच्या गोल्फ मैदानाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो. गेल्या आठवड्यात तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा फिरला. त्यात म्हटले आहे की ‘गोल्फ’ हा शब्द ‘फक्त सभ्य पुरुष, स्त्रियांना मज्जाव’ अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनला. व्हिस्कीच्या बाटलीत १८ पेग बसतात म्हणून होल (चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागेपासून तो घालायच्या खळगीपर्यंतचा टप्पा) १८ ठरले. आणि गोल्फचे माहेरघर समजले जाणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे मैदान मुळात उमरावांच्या क्लबची खासगी मालमत्ता होती, ती पुढे मेहेरबानीने लोकांना खुली झाली. सबब ‘सार्वजनिक गोल्फ मैदान’ ही कल्पनाच हास्यास्पद, असा निष्कर्ष. सिडकोने एवढी जमीन या खेळाला द्यावी की नाही, हा रास्त प्रश्न आहे. पण तो या इतिहासाच्या आधारे सोडवता येणार नाही, कारण हा इतिहासच खोटा आहे.

आधी शब्दाकडे पाहू. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, लोक धनुर्विद्येचा सराव सोडून भलतीकडे रमतात म्हणून फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली; त्या कायद्यात हा शब्द आहे. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची चाल विसाव्या शतकात रुळली. शिवाय जुन्या कागदपत्रांत ‘गोफ’, ‘गाउफ’ अशी निरनिराळी रूपे आढळतात; आद्याक्षरांचा शब्द असा रूपे बदलत नाही. काठी या अर्थाच्या ‘कोल्फ’ या डच शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. आणि चार उमरावच खेळत असते, तर बंदीचा कायदा करण्याची वेळ कशाला आली असती?

पेगचा हिशेब तर घरीही करता येतो. आपल्याकडच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून ३० मिलिलिटरचे २५ पेग निघतात, ६० चे साडेबारा. अठरा कोठून आणायचे? खरे कारण नीरस आहे. सेंट अँड्र्यूजला समुद्रकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात खेळाडू जाताना आणि परतताना बहुतेक तेच होल वापरीत, त्यामुळे एक फेरी २२ होलची होई. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार आखूड होलचे दोन करण्यात आले. जाता-येता मिळून चार कमी झाले आणि १८ उरले. तेव्हाही १८ हा आकडा सर्वत्र नव्हता: ब्रिटनची १८६० ची पहिली ओपन गोल्फ स्पर्धा स्कॉटलंडमधील प्रेस्टविकच्या १२ होलच्या मैदानावर झाली होती, आणि आपले खारघरचे मैदानही सुरू झाले ते ११ होलचे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकीचा आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना त्या जमिनीच्या उत्तर भागात ससे पाळायचे होते. त्यासाठी झालेल्या सनदेत, तेथे गोल्फ, फुटबॉल वगैरे खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. मजकुरातला क्लब स्थापन झाला १७५४ मध्ये, म्हणजे या सनदेनंतर दोनशे वर्षांनी. जमीन नगराच्या हातून गेली ती नंतर: कर्जबाजारी नगरपरिषदेने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती विकली आणि ती डेम्प्स्टर या ससेव्यापाऱ्यांकडे गेली. सशांनी बिळे करून मैदान पोखरले, गोल्फवाले न्यायालयात गेले, आणि सुमारे वीस वर्षे चाललेले हे भांडण १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जमीन विकत घेतल्यावरच मिटले. १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा नगराची झाली. १९७४ पासून एक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते. ‘मेहेरबानी’ यात कोठेच बसत नाही.

मजकुरातला एक रोख मात्र मी नाकारणार नाही. त्या क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव केला तो थेट सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि ही दिरंगाई लाजिरवाणीच आहे. पण क्लब वेगळा, मैदान वेगळे. त्याच गावात स्त्रियांचा पटिंग (चेंडू हलकेच घरंगळत खळगीत घालण्याचा) क्लब १८६७ पासून चालू आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला या मैदानावरचे, म्हणजे तिथल्या ‘ओल्ड कोर्स’ या जुन्या मैदानावरचे, शुल्क जड जाते हेही खरे, पण गावकऱ्यांना वर्षभराचा पास स्वस्तात मिळतो.

क्लबच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ ही वाट पहिल्या आणि अठराव्या होलला आडवी छेदून समुद्राकडे जाते. ती सार्वजनिक वाट आहे. कोणी ओलांडत असेल तर चेंडू मारायला आलेला खेळाडू थांबतो. रविवारी जुन्या मैदानावर एरवी खेळच नसतो, आणि गावातली माणसे कुत्री घेऊन त्या हिरवळीवरून फिरतात.