एअरबॅगने पेलोड वाढत नाही, भाऊजी!

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कॅम्पिंग ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा आहे, "अर्ध्या टनाच्या पिकअपवर कुठलाही कॅम्पर बिनधास्त चढवा!" खाली हिरव्या टिका मारलेले मुद्दे आणि शेवटी नेहमीचं "गरजूंपर्यंत पोहोचवा". एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण डेन्व्हरच्या आमच्या भाऊजींनी तो मला पाठवला, वर "वाच जरा, उगाच घाबरवत होतास" असा शेरा. आणि ताईकडून कळलं की कॅम्परवाल्याला आगाऊ रक्कम द्यायचा दिवसही ठरलाय. आता गप्प बसून चालणार नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिकअपच्या हौद्यात बसवायची एक छोटी खोली असते: बिछाना, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी, कधी संडाससुद्धा. तिला म्हणायचं स्लाइड-इन कॅम्पर. ती मागे ओढायची नसते, गाडीने ती पाठीवर घ्यायची असते. सगळा घोळ इथेच आहे. माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन घेऊ शकते, त्या आकड्याला पेलोड म्हणतात. 'अर्ध्या टनाची', 'एक टनाची' ही पिकअपच्या हलक्या-जड प्रकारांची नावं आहेत, क्षमतेचा आकडा नव्हे. आणि मथळ्यातली एअरबॅग अपघातात फुगणारी नव्हे, गाडीच्या पाट्यांना (स्प्रिंगांना) मदत करणारा हवेचा फुगा.

मेसेजचा पहिला मुद्दा: "गाडी १३,२०० पौंड ओढते, मग ३,००० पौंडांचा कॅम्पर म्हणजे चिल्लर." बैल भरलेली गाडी ओढतो म्हणून कोणी ती गाडी त्याच्या पाठीवर ठेवत नाही. ट्रेलरचं वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतं. आपल्या गाडीवर येतो तो जोडाजवळचा दहा ते पंधरा टक्के भार. कॅम्परचा मात्र पौंड न् पौंड गाडीच्या पाट्यांवर, एक्सलवर आणि टायरांवर येतो. ओढण्याचा आकडा खरा असेल, पण इथे तो कामाचा नाही.

कामाचा आकडा कुठे असतो? ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. माणसं धरून, हे नीट वाचा. ड्रायव्हरही त्यात आला. हा आकडा त्या एका गाडीचा असतो. त्याच मॉडेलची शेजाऱ्याची गाडी सनरूफ आणि चामड्याच्या सीटवाली असेल, तर तिचा आकडा कमी निघेल.

मी भाऊजींकडून त्यांच्या दाराचा फोटो मागवला. आकडा १,५८६ पौंड, म्हणजे साधारण ७२० किलो. गाडी चार दारांची, हौदा साडेपाच फुटी. घरातली चौघं मिळून ४९० पौंड. उरले १,०९६. आणि भाऊजींनी पसंत केलेल्या कॅम्परचं माहितीपत्रकातलं वजन आहे २,३८०.

इथे मेसेजचा दुसरा मुद्दा येतो: "माहितीपत्रकातलं वजन धरा, बाकी किरकोळ असतं." ते किरकोळ मोजूया. तीस गॅलन पाणी, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे २५० पौंड. गिझरच्या टाकीत आणखी पन्नास. भरलेले दोन गॅस सिलिंडर ७५. एसी, बाहेर ओढायची सावलीची कनात, जादा बॅटरी वगैरे 'ऑप्शन' अडीचशे धरा. कॅम्पर हौद्याला बांधायच्या कड्या आणि ताण-सळया नव्वद. कपडे, पांघरुणं, खुर्च्या, किराणा आणि ताईचा तो प्रेशर कुकर, ज्याच्याशिवाय ती कुठेही जात नाही, हे सगळं साडेतीनशे. बेरीज ३,४४५. जागा होती १,०९६ ची. तिपटीहून जास्त!

आणि हे माझं खासगी गणित नाही. अमेरिकेच्या फेडरल नियमावलीत ४९ सीएफआर ५७५.१०३ हे कलम खास याच विषयावर आहे, नावच 'ट्रक-कॅम्पर लोडिंग'. कॅम्पर बनवणाऱ्याने त्यावर लेबल लावायचं आणि ठरावीक पाणी, गॅस, फ्रिज धरून कमाल वजन किती ते लिहायचं, हे त्यात सांगितलंय. म्हणजे माहितीपत्रकातलं कोरडं वजन आणि कॅम्परवरच्या लेबलवरचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याला दुसरी विचारायची. ट्रक, म्हणजे पिकअप, बनवणाऱ्यासाठीही त्यात नियम आहे: सामानाची क्षमता सांगताना प्रत्येक सीटमागे १५० पौंड आधीच वजा करायचे. पाच सीटच्या गाडीत ७५० पौंड गेले. त्या हिशेबाने भाऊजींकडे कॅम्परसाठी ८३६ पौंडच उरतात, माझ्या हिशेबापेक्षाही कमी. शिवाय कॅम्परचा गुरुत्वमध्य ट्रकवाल्याने आखून दिलेल्या पट्ट्यातच पडला पाहिजे, असंही ते कलम सांगतं. साडेपाच फुटी हौद्यात लांब कॅम्पर ठेवला की हा मध्य मागच्या एक्सलच्याही मागे सरकतो. मग पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो: "५,००० पौंडांच्या एअरबॅग बसवा, पेलोड ५,००० पौंडांनी वाढतो." ज्याने हे लिहिलं त्याने एअरबॅगच्या खोक्यातला कागदही वाचलेला नाही. चासी आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये बसणारा हा रबरी फुगा. त्यात हवा भरली की खाली बसलेला मागचा भाग उचलला जातो आणि गाडी सपाट दिसते. खोक्यावरचा ५,००० चा आकडा गाडी सपाट करण्याच्या ताकदीचा आहे. सोबतच्या कागदात गाडीच्या कंपनीने दिलेली कमाल वजनमर्यादा ओलांडू नका, असं बजावलेलं असतं.

फुगा पाट्यांना मदत करतो, बाकी कोणालाच नाही. भाऊजींच्याच गाडीवर बघा. रिकामी असताना मागच्या एक्सलवर २,२०० पौंडांच्या आसपास. कॅम्परचे ३,४४५ चढले की ५,६४५, आणि यात मागच्या सीटवरची मुलं धरलेली नाहीत. दाराच्या चौकटीवरच्या दुसऱ्या लेबलवर मागच्या एक्सलची मर्यादा आहे ३,८००. टायरवर भार-निर्देशांक ११६, म्हणजे एका टायरला २,७५६ पौंड. पण हे टायर मोटारगाडीच्या जातीचे. असे टायर पिकअपला लावले की नियमाने त्या आकड्याला १.१ ने भागायचं. राहिले २,५०५, दोन टायरांचे ५,०१०. म्हणजे टायरांच्याही सहाशे पौंड वर! टायरला एअरबॅग कळत नाही. त्याची बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते, आणि नेवाडाच्या उन्हाळ्यात तासाला सत्तर मैलांनी तासन् तास चालवल्यावर वरचा थर सुटून येतो.

टायर बदलू, दहा प्लायचे, म्हणजे जास्त भार पेलणारे घालू, असं भाऊजींनी लगेच कळवलं. घाला. पण एक्सलचं काय? अर्ध्या टनाच्या गाड्यांमध्ये मागे सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो: चाक फिरवणारा दांडाच गाडीचं वजनही पेलतो. एक टनाच्या गाडीत वजन बाहेरच्या नळीवर येतं, दांडा फक्त फिरवायचं काम करतो. हा फरक हवा भरून मिटत नाही. ब्रेकही तेच राहतात. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आय-७० महामार्गावर आयझेनहावर बोगदा लागतो, उंची अकरा हजार फुटांच्या वर, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेल्या ट्रकांना थांबवायला तिथे रस्त्याकडेला खास चढाचे रॅम्प केलेत. ताई आणि मुलं त्याच उतारावरून जाणार आहेत. उलट एअरबॅगचा तोटाच जास्त: गाडी खाली बसते हा जो एक इशारा डोळ्यांना दिसत होता, तोही झाकला जातो.

"चौकटीवरचा आकडा वकिलांनी लिहिलेला असतो, कंपन्या भरपूर मार्जिन ठेवतात." यात पावशेर तथ्य आहे. एक्सल बनवणारी कंपनी कधीकधी त्याच एक्सलला जास्त आकडा देते. पण गाडीची मर्यादा टायर, रिम, पाटे, एक्सल यांत जे सगळ्यात कमकुवत त्यावरून ठरते. मार्जिन असलंच तर ते खड्ड्यांसाठी आणि अचानक दाबलेल्या ब्रेकसाठी ठेवलेलं असतं.

अर्ध्या टनाची गाडी ३,२७० पौंड घेते, असा एक स्क्रीनशॉटही मेसेजसोबत आहे. आकडा खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य. २०१८ च्या फोर्ड एफ-१५० ची ती कमाल. पण ती कोणत्या एफ-१५० ची? दोन दारांची, आठ फुटी हौद्याची, जड भाराचं पॅकेज घेतलेली. चार दारांच्या, चकचकीत गाडीशी तिचं नातं आडनावापुरतं.

पोलीस खासगी पिकअप तोलत नाहीत, हेही बहुतेक ठिकाणी खरं. मग? पोलिसांनी तोललं नाही म्हणून वजन कमी होत नाही. "भारतात टेम्पोवाले दुप्पट भरतात, काही होत नाही" हे लिहिणाऱ्याने मराठी वर्तमानपत्र बहुधा सोडलंय. खंबाटकी आणि बोरघाटातल्या 'ब्रेक निकामी'च्या बातम्या मी इकडे बसूनही वाचतो. आणि "आमचा एक मित्र वर्षानुवर्षं असाच फिरतोय" याला उत्तर देण्यात अर्थ नाही. त्या मित्राच्या गाडीची वजनकाट्यावरची पावती कोणी पाहिलेली नाही.

अर्ध्या टनावर कॅम्पर नेताच येत नाही, असं मी म्हणत नाही. वर उचलायच्या छताचे, कापडी भिंतींचे हलके कॅम्पर हजार-बाराशे पौंडांत सुरू होतात. दोघंच जाणार असतील, पाणी मुक्कामी भरणार असतील आणि गाडीचा आकडा चांगला असेल तर जमतं. भाऊजींना २,३८० वालाच हवा असेल, तर गाडी एक टनाची घ्यावी लागेल, आणि तिच्याही दारावरचं स्टिकर आधी वाचावं लागेल.

तोवर एक काम करा. आगाऊ रक्कम द्यायच्या आधी इंधनाची टाकी भरून, घरातल्या सगळ्यांना बसवून, हौदा रिकामा ठेवून हायवेवरच्या ट्रकस्टॉपला जा. तिथल्या काट्यावर पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. लेबलवरच्या मर्यादांतून ते आकडे वजा करा. जे उरेल ते घेऊन कॅम्परवाल्याकडे जा, आणि तो एअरबॅगचं नाव काढेल तेव्हा त्याला ही पावती दाखवा.